सात दिवसांची डाक

माउसला हात लावण्याआधी काका अंगठा जिभेला लावत. उभा जन्म पत्रांचे गठ्ठे सोडवलेला तो अंगठा. पडद्यावरची डाक त्याला वेगळी वाटतच नव्हती. मग मान पुढे काढून विचारत, "काय बीए, आज किती आली?"

"चार, काका."

"नाव हाये का सगळ्याईले?"

बीए म्हणजे मी. ते चिडवायला म्हणायचे, पण मला ते आवडायचं. माझे वडील जिनिंगमध्ये रुई वाहायचे. आमच्या घरात पदवीचा कागद पहिल्यांदा मी आणला, आणि हे सांगताना मी आजही आवाज कमी करत नाही. वणीला बसस्टँडमागे माझं इंटरनेटचं दुकान होतं. तीन कॉम्प्युटर, एक इन्व्हर्टर. कोळशाचे ट्रक समोरूनच जायचे, त्यामुळे रोज सकाळी कीबोर्डवरची काळी भुकटी पुसावी लागे. गिऱ्हाईक नसलं की मी आमच्या भागाविषयी ब्लॉग लिहायचो.

कापसानं सगळ्यांना रडवलं ती वर्षं. आमच्याकडे काय चाललंय ते बाहेरच्यांना वाचायचं होतं, आणि मला सांगायचं होतं. पुण्या-मुंबईहून, परदेशातूनही कॉमेंटा येत. काही धीराच्या, काही उपदेशाच्या. एकदा शेजारच्या गावात एकानं जीव दिला, त्याविषयी मी लिहिलं. खाली कोणीतरी बिननावानं लिहून गेला, की दारू पिऊन मेला असेल. जीव दिलेल्या त्या माणसाच्या पुतण्यानं ते माझ्याच दुकानात, माझ्याच कॉम्प्युटरवर वाचलं. तासाचे पैसे ठेवून उठून गेला.

त्या दिवशी काका बाकावर बसले होते. रिटायर पोस्टमन, मागच्याच गल्लीत एकटे राहायचे. दुपारी पंख्याखाली पेपर वाचायला येत. त्यांनी घडी घालून पेपर ठेवला.

"हे कोणी आत येऊ देल्लं?"

"काका, ते आपोआप छापलं जातं."

"आपोआप कायले? पोस्टातबी कोणी हात लावल्याबिगर पत्र जात नाई. तू मले दाखवत जाय."

तसे ते माझ्या ब्लॉगचे पोस्टमास्तर झाले. आलेली प्रत्येक कॉमेंट आधी अडवायची, काकांनी वाचायची, मग छापायची. त्यांचा नियम सरळ होता. नाव लिहून शिवी दिली असेल तरी छापायची, "त्याची त्यानं सही केली, आपन कोन अडवनारे?" नाव नसेल तर गोड बोललेलंही छापायचं नाही. अशी कॉमेंट सात दिवस ठेवायची. पोस्टात पत्ता न लागलेलं पत्र ठेवतात तशी. तेवढ्यात लिहिणारा नावासकट पुन्हा आला तर ठीक, नाहीतर आठव्या दिवशी पुसायची. मी वहीत तारीख टाकत असे.

ते मोठ्यानं वाचायचे. गावोगाव लोकांना पत्रं वाचून दाखवलेला आवाज. अमेरिकेतल्या कुणा बाईनं 'तुम्हा सर्वांना नमस्कार' लिहिलं, तर ते पडद्याकडे बघून "नमस्कार बाई" म्हणत. दुकानातली पोरं हसायची. "हसून घ्या बाप्पा," ते म्हणत, "तुमाले तं कोनी नमस्कारबी लिवत नाई." स्वतःला कोणी लिहितं का, हे मात्र कधी बोलले नाहीत, आणि मीही विचारलं नाही.

एकदा मी त्यांच्यावरच लिहिलं. नाव न घालता. की हा पोस्टमन पावसाळ्यात चपला पिशवीत घालून चालायचा, पत्रं मात्र छातीशी धरायचा. त्यामुळे टाचा अशा फुटल्या की भेगेत चाराण्याचं नाणं उभं राहावं. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "आठान्याचं राह्यते." बस.

त्यावर दुसऱ्या दिवशी एक कॉमेंट आली. नाव नव्हतं.

'त्यांच्या टाचा अजून फुटतात का? मेण आणि खोबरेल तेल गरम करून लावायला सांगा. ते आपणहून लावत नाहीत.'

काकांनी अंगठा ओला केला, पण माउसला लावला नाही. या वेळी मोठ्यानंही वाचलं नाही. नुसते ओठ हलले, दोनदा, तीनदा.

"नाव नाई," ते म्हणाले.

"मग ठेवू सात दिवस?"

"ठेव."

दुसऱ्या दिवसापासून ते आलेच नाहीत. घराला कुलूप होतं. मी रोज कॉमेंटा बघत होतो, नियमानं छापत होतो, आणि खरं सांगतो, मला थोडा गर्वच वाटत होता, की काकांशिवायही काम नीट चालतं. आठव्या दिवशी वही उघडली, तारीख पाहिली, आणि ती कॉमेंट पुसली. एका बोटाचं काम.

नवव्या दिवशी ते आले. कपडे मळलेले, दाढी वाढलेली. बाकावर न बसता सरळ माझ्या खुर्चीपाशी आले.

"काढ बरं ते. टाचेचं."

"काका, सात दिवस झाले ना. पुसली मी."

त्यांनी वही ओढून तारीख बघितली. मी म्हटलं, "नियम तुमचाच होता."

"हो, हो," ते म्हणाले. "बराबर केलं तू."

मग बसले, पाणी मागितलं, आणि पहिल्यांदाच घरचं बोलले. एकुलती एक मुलगी. नागपूरला शिकायला गेली आणि तिनं आपल्या मनानं लग्न केलं. वर्षभरानं तिचं पत्र आलं. ते त्यांच्याच पिशवीत आलं, त्यांच्याच बीटमधलं, त्यांच्याच नावाचं. बायको तेव्हा जिवंत होती. तिला न दाखवता त्यांनी पाकिटावर लिहिलं, 'घेण्यास नकार'. खाली सही केली आणि परत पाठवलं.

"पाकिटावरचा पत्ता पाठ होता मले," ते म्हणाले. "तिथीच गेलतो. आठ दिवस हिंडलो. ते लोकं कवाचेच खोली सोडून गेले."

"पण काका, तिनंच लिहिलं कशावरून?"

"बीए, मी मेन लावत नाई, हे कोनाले मालूम हाये?"

मी म्हटलं, आपण उत्तर लिहू, ती वाचेल. ते पडद्याकडे बघत राहिले. "रोज उघडून पाह्यत असन पोरगी. आपलं लिवलेलं लागलं का म्हनून. लागलं नाई. दुसऱ्यांदा नकार गेला तिले, आन् या बारीनं बी माह्याच नियमानं."

तरी आम्ही लिहिलं. ते सांगत गेले, मी टाइप केलं: 'पत्र मिळालं. मेण लावतो आहे.' खाली पूर्ण नाव, गल्ली, तालुका, जिल्हा, पिनकोड. छापायचं बटण त्यांनी स्वतः अंगठा ओला करून दाबलं.

उत्तर आलं नाही. ते रोज यायचे, "आज किती आली?" विचारायचे; नावाचं विचारणं मात्र त्यांनी सोडलं. कधी दुकान रिकामं असलं की हळूच म्हणत, "काय लिवलं होतं रे तिनं? सांग बरं." मी पाठ म्हणून दाखवायचो. दोन ओळी आणि वर तो प्रश्न. एखादा शब्द इकडचा तिकडे झाला की मी पुन्हा पहिल्यापासून म्हणायचो, कारण ते आता माझ्याशिवाय कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते डोळे मिटून ऐकायचे. त्यांनी आयुष्यभर ज्यांना पत्रं वाचून दाखवली, ती माणसंही अशीच ऐकत असणार. दुकानात तेव्हा खोबरेल तेलाचा वास असायचा, आणि ते गेल्यावर फरशीवरच्या कोळशाच्या भुकटीत तेलकट टाचांचे ठसे राहायचे. ते मी संध्याकाळपर्यंत पुसत नसे.

एका उन्हाळ्यात ते गेले. शेजाऱ्यांनी आणि आम्ही उचललं. कळवायला पत्ता नव्हता, म्हणून मी ब्लॉगवर लिहिलं. श्रद्धांजली वाहणाऱ्या पुष्कळ कॉमेंटा आल्या, सगळ्या नावानिशी.

आता मी नाव नसलेलंही छापतो, त्याच मिनिटाला. बहुतेक जाहिराती असतात. टाचांच्या त्या लेखाखाली त्यांचं उत्तर अजून आहे, पिनकोडसकट. त्याच्याखाली मध्यंतरी एका वाचकानं विचारलं, 'काका, कोणाचं पत्र? इथे तर काहीच दिसत नाही.'