दोन्ही बाजू समोरासमोर

मला समितीवर घेतलं ते कायद्याच्या ज्ञानासाठी नव्हे. कायद्याचं मला एवढंच ठाऊक होतं, की वकील काळा कोट उन्हाळ्यातही उतरवत नाहीत. मी मुरबाडच्या शाळेत मराठी शिकवायचो आणि गणपतीतल्या नाटकांत राजापासून राक्षसापर्यंत मिळेल ते काम करायचो. आवाज मोठा होता. तालुक्याच्या कचेरीतल्या साहेबांना तेवढं पुरलं.

त्या वर्षांत गावोगाव तंटामुक्ती समित्या निघाल्या होत्या. बांध, वाट, पाणी, वाटणी असली दिवाणी भांडणं कोर्टात न नेता गावातच मिटवायची. मिटवणारे पंच साधी माणसं: कोणी शेतकरी, कोणी दुकानदार, कोणी अंगणवाडीची बाई. पण ऐकायचं कसं आणि ठरवायचं कसं, हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. ते सोप्या मराठीत लिहून काढायचं काम आम्हा तिघांच्या समितीकडे आलं. शहापूरचे एक वकीलसाहेब कायदा सांगणार, मुरबाडच्या कोर्टातून निवृत्त झालेले शिरस्तेदार तिथला रिवाज सांगणार आणि मी ते लोकांच्या भाषेत उतरवून मोठ्यानं वाचणार. ऐकून कळलं नाही ते वाक्य बाद.

एकदा आम्ही एसटीनं शहापूरला जायचो, एकदा वकीलसाहेब मुरबाडला यायचे. ते अर्ध्या पानाचं एकच वाक्य घेऊन येत. मी उभा राहून ते बादशहाच्या थाटात म्हणत असे आणि मध्येच दम संपल्याचं सोंग करून खुर्चीत कोसळत असे. वकीलसाहेब रागानं बघत, मग मुकाट्यानं त्याच वाक्याची चार वाक्यं करून देत.

किती खात्री पटली म्हणजे निकाल द्यायचा, यावर आम्ही फार भांडलो. वकीलसाहेबांचं म्हणणं, दिवाणी तंट्यात पारडं जरासं झुकलं तरी पुरे, तसंच लिहा. शिरस्तेदारांनी पानाची चंची बंद केली. ते म्हणाले, काट्याचं नाव काढू नका. भात विकत घ्यायला येणाऱ्या व्यापाऱ्याचा काटा कसा झुकतो हे इथल्या प्रत्येकानं पाहिलंय. पारडं गेलं. 'दोघांपैकी ज्याचं जास्त पटतं त्याचं धरावं' एवढं राहिलं.

आमचं सगळ्यात लाडकं वाक्य मात्र दुसरंच होतं: 'दोन्ही बाजू समोरासमोर ऐकाव्यात. एकाला बाजूला घेऊन ऐकू नये.' पंचांना वाटेत गाठायचं, घरी नेऊन चहा पाजायचा आणि दुसरा बोलायच्या आत मन तयार करून टाकायचं, ही आमच्या तालुक्यातली जुनी कला. या एका वाक्यानं ती बंद पडेल अशी आमची खात्री होती.

छापण्याआधी सूचना एका खऱ्या तंट्यावर वापरून पाहायचं ठरलं. सिद्धगडाच्या पायथ्याचं गाव, देवळाचा मंडप. तंटा एका खाचराचा, म्हणजे बांध घातलेल्या भाताच्या तुकड्याचा. दोन भावांतला धाकटा वारला होता. त्याच्या बायकोचं म्हणणं, ओढ्याजवळचं खाचर वाटणीत आमच्याकडे आलं. थोरल्याचं म्हणणं, वाटणी झालीच नव्हती, भावाला ते नुसतं कसायला दिलं होतं. कागद नव्हता. त्या बाईला दोन मुली होत्या आणि तिघींचा वर्षाचा भात त्याच खाचरात पिकायचा.

सुरुवातीला मी सूचना वाचून दाखवल्या. समोरासमोरच्या वाक्याला मी आवाज असा लावला, की मंडपातली कबुतरं उडाली. लोक माना डोलवू लागले. मला फार बरं वाटलं.

थोरला भाऊ आधी बोलला. शांत माणूस होता, आवाज चढवला नाही, कोणाला वाईट म्हटलं नाही. मग पंचांचे अध्यक्ष, एक वयस्कर शेतकरी, त्या बाईकडे वळले. "आता तुमी बोला."

ती खांबाजवळ सासूला चिकटून बसली होती. पदर नाकापर्यंत ओढलेला. ती बोलली नाही. अध्यक्षांनी पुन्हा विचारलं. तरी नाही.

मागून एक म्हातारी बोलली, "अरे, थोरल्या दिरासमोर ती काय बोलंल? लगीन होऊन आली तवापासून त्याच्यासमोर शबुद काढला नाय तिनं."

थोरला म्हणाला, हवं तर मी बाहेर जातो. अध्यक्षांनी माझ्या हातातल्या कागदांकडे पाहिलं. "नको. एकाला बाजूला घेऊन ऐकायचं नाय, आताच वाचलं ना मास्तरांनी."

एक पंच पुटपुटला, बोलत नाय म्हणजे सांगण्यासारखं काय नसंल. दुसऱ्यानं मान हलवली. आमच्या लाडक्या वाक्यानं त्या बाईचं खाचर हातचं चाललं होतं, आणि मंडपात आम्ही तिघे पाहुण्यांसारखे खुर्च्यांवर बसलो होतो.

मग ती सासूकडे कलली. दिराकडे पाठ केली आणि सगळ्या मंडपाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आई, त्यांना सांगा. ह्यांनी घराचा पुढचा भाग त्यांना सोडला, त्याच्या बदली वड्याजवळचं खाचर घेतलं. अंगणात बसून ठरलं."

सासूनं मुलाकडे पाहिलं आणि तेच शब्द पुन्हा म्हटले. ती म्हणते, घराचा पुढचा भाग तुला सोडला. ती म्हणते, त्याच्या बदली खाचर घेतलं. थोरला, भावजय तिथं नसल्यासारखा, आईलाच उत्तर देत होता.

वकीलसाहेब माझ्या कानाशी लागले, हा ऐकीव पुरावा. मी म्हटलं, ऐकीव कसला, सगळ्या गावानं ऐकला.

पण अध्यक्ष हुशार होते. म्हणाले, सून काय म्हणते ते कळलं, मुलगा काय म्हणतो तेही कळलं. मग थेट सासूला विचारलं, "अंगणात तुमी पण असालच. तुमी काय म्हणता?"

ती दोघांचेही निरोप पोचवायला बसली होती. असा प्रश्न तिला येईल हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. तिनं लुगड्याचा काठ बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"तवा मला दोन पोरगे व्हते," ती म्हणाली. "आता ह्यो एकच हाय. ह्याच्याइरुद्ध बोलायला लावता काय मला?"

मी रंगमंचावर पुष्कळ थांबे घेतले आहेत, प्रेक्षकांना किती वेळ ताणायचं याचा मला अंदाज आहे. त्या थांब्यात माझा अंदाज चालला नाही.

थोरला खाली बघत बसला होता. शेवटी तो म्हणाला, "आयेला नका इचारू. खाचर तिचं हाय."

कागद झाला. वकीलसाहेबांनी मजकूर सांगितला, शिरस्तेदारांनी लिहिला, दोघांचे अंगठे झाले. लोक उठायला लागले, तेव्हा ती बाई पुन्हा सासूकडे वळली.

"आई, त्यांना सांगा. खाचर मिळालं, पण चिखळणीला माझ्याकडं बैल नायत."

सासूनं ते सांगितलं. थोरल्यानं टोपी झटकली, डोक्यावर घातली आणि निघाला. सासू त्याच्या मागून गेली.

परतताना रस्त्याच्या कडेला जीपची वाट बघत आम्ही वाक्य दुरुस्त केलं: ज्याला समोर बोलता येत नाही त्यानं दुसऱ्याच्या तोंडून बोलावं, पण दोघांच्याही कानांवर पडेल असं. वकीलसाहेबांना आणखी एक सूचना घालायची होती, की आईला मुलाविरुद्ध विचारू नये. शिरस्तेदार म्हणाले, इथले सगळे तंटे घरातलेच, मग विचारायचं कोणाला? बराच वेळ आम्ही शब्द शोधले. ती सूचना आम्हाला लिहिता आली नाही.

पावसाळ्यात छापलेल्या प्रती द्यायला मी त्या गावी गेलो. ओढ्याजवळच्या खाचरात थोरला बैल हाकत चिखळणी करत होता, गुडघ्यापर्यंत चिखलात रुतलेला. पलीकडच्या बांधावर ती बाई भाताच्या रोपांच्या मुठी घेऊन पाठमोरी उभी होती. तो शेवटचा फेरा काढून बैल घेऊन निघून जाईपर्यंत ती खाचरात उतरली नाही.