गोमुखाखालचा नवरंग

आप्पांचा नियम एकच: डोळ्यांनी पाहिलं तरच लिहायचं. नुसता आवाज ऐकला, पीस सापडलं, कुणी देवाशप्पथ सांगितलं, तरी नाव यादीत जायचं नाही. आप्पा म्हणजे माझे वडील, भोकरला प्राथमिक शाळेत गुरुजी होते. एका जाड वहीत पट्टीनं रेघा मारून त्यांनी रकाने पाडले होते. पाखराचं नाव, दिवस, जागा, काय करत होतं, आणि शेवटी शेरा. खरी मजा शेऱ्यात असायची. ‘सातभाईंचा थवा. बाभळीखाली कडाकडा भांडत होते. कारण कळले नाही.’ हे ‘कारण कळले नाही’ त्यांच्या वहीत पानोपानी होतं, आणि ते लिहिताना स्वारी भलतीच खूश असायची.

मी वाचायला शिकले तशी मलाही एक वही मिळाली. बाकीच्या पोरींना बाहुल्या, मला रकाने! तेव्हा फार राग यायचा. पण खोड लागली ती लागलीच.

एक पाखरू मात्र आप्पांना सारखं हूल देत आलं. नवरंग. पावसाळ्याच्या तोंडाला भोकरच्या सागवानात त्याची दोन सुरांची शीळ दरसाल ऐकू यायची. आप्पा चपला हातात घेऊन, वाळल्या पानांवर पाय न वाजवता आत शिरायचे, आणि शीळ आणखी पुढच्या झाडाखालून यायची. शाळेच्या तक्त्यावर त्याचं चित्र होतं: हिरवी पाठ, बदामी पोट, डोळ्यावरून काळा पट्टा, शेपटीखाली तांबडं. इतके रंग अंगावर घेऊन हे लपतं तरी कसं, असं आप्पा आईला विचारायचे. आई म्हणायची, मला काय विचारता, त्यालाच विचारा.

पुढं माझं लग्न झालं, निलंग्याकडच्या एका गावात, भुसार मालाच्या दुकानदाराच्या घरी. त्याच सुमारास लातूर जिल्हा वेगळा झाला. आता उस्मानाबादची खेप वाचली म्हणून सासऱ्यांनी दुकानावर पेढे वाटले. जिल्हा आला आणि त्याच्या पाठोपाठ दुष्काळ आला. सासरे टँकरचा अर्ज घेऊन गेले की नव्या कचेरीत सांगायचे, तुमच्या गावचे कागद अजून जुन्या जिल्ह्यातून यायचेत. घरी येऊन सासरे दारात चपला आपटायचे आणि आम्ही समजून जायचो.

दुष्काळात पाखरं नाहीशी होतील असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. तळं आटलं, विहिरी खरवडून झाल्या, आणि गावात ओली म्हणावी अशी एकच जागा राहिली, महादेवाच्या देवळामागं. उन्हाळ्यात आमच्याकडं पिंडीवर गळती लावतात. तळाला बारीक भोक पाडलेलं तांब्याचं भांडं वर टांगायचं, त्यातून दिवसभर थेंब थेंब पाणी पिंडीवर पडत राहतं. ते पाणी देवळाच्या मागच्या गोमुखातून एका खड्ड्यात उतरायचं. खड्डा परातीएवढा, त्यावर एक जुना कडुलिंब. पण सगळ्या शिवारातली पाखरं तिथं लोटायची! मी पहाटे अंघोळ करून देवाला जायचे ती मागच्या ओट्यावर बसून राहायचे. तिथं बसून मला कळलं की होले चोच पाण्यात खुपसून, मान वर न करता घटाघटा पितात आणि चिमणीला मात्र घोटागणिक मान वर करावी लागते. असं का? आप्पांना पत्र टाकलं. त्यांचं उत्तर आलं: ‘तपासून पाहिले. खरे आहे. कारण कळले नाही.’

त्यानंतर त्यांच्या हातचं पत्र आलं नाही. धाकट्या भावाचं आलं. आप्पांना काचबिंदू झाला होता. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली किती टिकेल याचाही भरवसा नाही. नळीतून बघावं तसं समोरचं तेवढं दिसायचं, कडेचं सगळं गेलं होतं. भावानं खाली लिहिलं होतं, आप्पा सारखी वही काढून नवरंगासाठी उरलेली कोरी जागा मोजत बसतात. मी ते पत्र चुलीपुढं बसून वाचलं आणि भाकरी करपवली.

आणि योग बघा. त्यानंतर थोड्याच दिवसांत, वैशाखाच्या अखेरीला, कडुलिंबाखालची पानं कुणीतरी उलथत असल्यासारखी हलली, आणि खड्ड्याच्या काठावर नवरंग येऊन उभा राहिला. खरंच सांगते, माझ्या हातातला तांब्या निसटला. तो पळाला, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. वाटेवरचा पाहुणा असावा, ओल बघून थांबलेला. मी दुपारच्या टपालानं कार्ड धाडलं: आप्पांना घेऊन लगेच निघा.

कार्ड गेलं आणि इकडं गावानं महादेव कोंडला.

पाऊस लांबला की ही रीत आहे. गोमुखाला चिंध्या आणि चिखलाचा बोळा कोंबायचा, घराघरातून एकेक घागर आणून गाभाऱ्यात ओतायची, पिंड बुडाली की दार लावायचं. जीव गुदमरला की देवच पाऊस सोडील असा हिशोब. पाऊस पडेपर्यंत बोळा काढायचा नाही. पुढारपण सासऱ्यांकडं. मी पदर सावरत म्हटलं, मामंजी, चार दिवस थांबलं तर नाही का चालायचं? त्यांनी असं बघितलं की मी गुमान माझी घागर उचलली आणि ओतून आले. दोन दिवसांत खड्ड्याला भेगा पडल्या. पाखरं गेली. नवरंग तर दिसेचना.

मी मुळात तोंडाची फटकळ, पण तेव्हा तोंड मिटून एक काम सुरू केलं. तांदूळ धुतलेलं, हात धुतलेलं, घरातलं जेवढं पाणी वाया जायचं तेवढं जमवून पहाटे खड्ड्यात नेऊन ओतायचं आणि ओट्यावर गप बसायचं. सासूबाई बोलायच्याच. माणसाला पाणी न्हाई अन् ही मातीला पाजून राहिली, म्हणायच्या. मग एके दिवशी अचानक त्यांनी स्वतः मला स्वच्छ पाण्याचा तांब्या भरून दिला, वर डोक्यावरून हात फिरवला. मला काही कळेना.

कळलं ते आठवड्यानं. ओल्या केसांनी जाते, खड्ड्यात पाणी घालते, कुणाशी बोलत नाही, नजर खाली. लग्नाला वर्षं झाली, पाळणा हललेला नाही. गल्लीतल्या बायकांनी दोन नि दोन चार केले: सुनेनं मुलासाठी मौनव्रत धरलंय! आणि व्रत म्हटल्यावर आमच्या बायका मागं राहतात होय? एक आली, चार आल्या. प्रत्येकीचं काही ना काही अडलेलं होतं. खड्ड्याकाठच्या गोट्याला हळदीकुंकू लागलं, उदबत्त्या लागल्या, नारळ फुटायला लागले. खड्डा काठोकाठ भरला, पण पाखरू कशाचं फिरकतंय तिथं! फक्त कावळे यायचे, खोबरं न्यायला. मला हसावं की रडावं समजेना.

तेवढ्यात आप्पा आले. भावानं त्यांना निलंग्याच्या स्टँडवर एसटीतून उतरवलं. मी अगदी समोर उभी होते, तरी ते मान इकडून तिकडं फिरवत मला शोधत होते. ‘आप्पा’ म्हटल्यावर त्यांनी आवाजाच्या दिशेनं हात पुढं केला. नळीसुद्धा धुरकटत चालली होती. मला भडभडून आलं, आणि रागही आला, कुणाचा ते सांगता येत नाही.

त्याच संध्याकाळी मी देवळापुढं बायकांना गोळा केलं आणि सांगून टाकलं.

"हे व्रत न्हाई. मूलबाळ काही न्हाई. एका पाखरासाठी पाणी घालते मी. माझ्या आप्पांना ते बघायचं हाय, अन् त्यांचे डोळे चाललेत."

सासूबाईंचा चेहरा असा पडला की मला बघवेना. मग गल्लीतली थोरली अक्का, जिनं सगळ्यांत जास्त नारळ फोडले होते, कमरेवर हात ठेवून उठली.

"अगं मग आधी सांगायचं न्हाई का? खामखा हळदीकुंकू वाया घातलं. आता काय करायचं ते सांग."

मी सांगितलं, उद्यापासून पहाटे कुणी यायचं नाही. हे काही त्यांना पटलं नाही. एवढं पाणी घातलंय तर पाखरू आम्हीबी बघणार, असं ठरलं. शेवटी तडजोड झाली: उदबत्ती नाही, बांगड्या मनगटावर घट्ट सारायच्या, आणि ओट्यामागच्या भिंतीआड बसायचं. दुसऱ्या पहाटे बघते तर सगळ्यांच्या आधी सासूबाई येऊन बसलेल्या.

पहिला दिवस कोरडा गेला. दुसराही. नळावर भांडणाऱ्या त्या बायका हूं का चूं न करता बसल्या होत्या, हेच मला नवल. तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता शीळ आली, दोन सुरांची. आप्पांनी माझा हात गच्च धरला. पानं उलथत, उड्या मारत नवरंग काठावर आला. थांबला, आखूड शेपटी खालीवर केली, वाकून प्याला. मी आप्पांच्या गालाला हात लावून त्यांचं तोंड हळूच वळवलं. त्यांची नजर वीतभर बाजूला, कुंकू लागलेल्या गोट्यावर होती. मी आणखी थोडं वळवलं. तेवढ्यात त्यानं दुसरीकडं उडी मारली. पुन्हा वळवलं, पुन्हा तो सरकला. मग तो भुर्रकन गेला.

भिंतीवरून सगळी तोंडं आप्पांकडं बघत होती.

"दिसला," आप्पा म्हणाले. "काय देखणा आहे हो!"

बायकांनी असा श्वास सोडला की जणू पाऊसच पडला. अक्कानं घरून गुळाचा कोरा चहा करून आणला, जनावरं चारा छावणीवर होती, दूध कुठलं. सगळ्या ओट्यावर बसल्या. चहा पिता पिता आप्पांनी विचारलं, तांबडं पायापर्यंत आहे की फक्त शेपटीखाली? अक्कानं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. मग आप्पांकडं वळून तिनं सावकाश सांगितलं की पोटापासनं सुरू होतं, लुगड्याच्या काठासारखं, मागं गडद होत जातं. दुसरी म्हणाली, पंखावर निळा तुकडा हाय, चमकणारा. सासूबाई म्हणाल्या, पाणी पिताना डोळे मिटतं. त्यावर दोघींची जुंपली, मिटतं का न्हाई मिटत. आप्पा एकेकीकडं तोंड करून ऐकत होते, विचारत होते, पुन्हा विचारत होते. चहा निवून गेला तरी त्यांचे प्रश्न संपेनात. गुर्जी, दिसला म्हणाला होता न्हवं, असं एकीनंही विचारलं नाही.

घरी आल्यावर मी दोन्ही वह्या काढल्या. आप्पांची उघडून पेन घेतलं, तर त्यांनी पानावर हात ठेवला.

"तुझ्या वहीत लिही. मी पाहिला नाही."

"मग दिसला म्हणालात ते?"

"बायका उपाशीपोटी बसल्या होत्या," ते म्हणाले.

मी माझ्या वहीत लिहिलं. शेऱ्यात काय घालू विचारलं, तर म्हणाले, डोळे मिटतो की नाही ते उद्या नीट बघ आणि मग घाल. नंतर त्यांनी पट्टी मागितली. चाचपडत स्वतःच्या वहीतल्या शेवटच्या पाखराची ओळ शोधली, खाली पट्टी धरली आणि रेघ ओढली, वर्षअखेर हजेरीपटावर ओढायचे तशी. पट्टी मध्येच सरकली. रेघ वर चढून शेवटच्या पाखराच्या नावातून गेली.

"सरळ आली का गं?" त्यांनी विचारलं.

"आली," मी म्हटलं.