भुंगेऱ्यांची खोली

दगडावर काम करणाऱ्यांकडे किस्से धुळीसारखे साठतात. रोज झाडावेत, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच! नव्वदच्या दशकात मी बारामतीच्या एका कॉलेजात लॅब अटेंडंट होते. आमचे कांबळे सर डायनासोरांच्याही आधीच्या भुंगेऱ्यांचे ठसे शोधायचे. सुरुवातीचे कीटक कसे घडत गेले, हे त्यांना त्यातून समजून घ्यायचं होतं. मी छिन्नीने दगडाचे पापुद्रे सुटे करायचे, सर ते भिंगाखाली बघायचे. बहुतेकांत काहीच नसायचं.

*

दगड पार विदर्भातल्या चांद्याकडून यायचे, पोत्यात, एसटीने. एकदा कंडक्टरने सरांना विचारलं, “पोत्यात काय हाय?”

“दगड.”

“का? बारामतीतलं संपलं व्हय?”

*

कळस गावचे एक तात्या डबीत जिवंत भुंगेरे घेऊन आले. “सर, ह्यांच्या अळ्यांनी ऊस खाल्ला. औषध द्या.”

सर म्हणाले, “तात्या, मी मेलेल्या भुंगेऱ्यांचा माणूस.”

“मग मारून आणतो की!”

*

वालचंदनगरच्या वन्सं एकदा म्हणाल्या, “मॅट्रिक होऊन दगड फोडतीस?”

“फोडत नाही हो वन्सं, उघडते.”

“मग बंद कुणी केला व्हता?”

मी दुखरा खांदा चोळत बसले.

*

मग प्राचार्यांनी सांगितलं, जूनपासून ही खोली कॉम्प्युटरला. संस्थेची समिती येऊन बघणार, मग आमच्या कामाला कुलूप! सरांना त्याआधी एक तरी अख्खा भुंगेरा हवा होता. आठ महिने काही सापडलं नव्हतं. एका दुपारी मी ओरडले, “सर, सापडला! गोल आहे, चमकतोय!”

सरांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं.

“बाई, ही तुमची टिकली आहे.”

आम्ही दोघंही हसलो नाही. डबे उघडून जेवायला बसलो.

*

समिती आली. दाखवायला होता तो जुनाच, अर्ध्या पंखाचा ठसा. खरं सांगते, मीही इतकी थकले होते, की म्हटलं जाऊ दे ती खोली. अध्यक्ष इंदापूरकडचे, मोठे ऊसबागायतदार. सगळे त्यांना आबा म्हणायचे. त्यांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला.

“ह्याच्या टायमाला ऊस होता?”

“नाही आबा. गवतसुद्धा नव्हतं.”

“मग ह्यो जगला कशावर?”

“तेच शोधतोय.”

आबा पुन्हा वाकले. प्राचार्य दोनदा खोकले. आबा काही उठेनात.

शेवटी उठले, टोपी नीट केली.

“प्राचार्य, कॉम्प्युटर तुमच्या केबिनात मावत्यात का बघा.”