लोलीबाईचं लगन हद्दीपार

आमच्या चिचटोल्यात धनवंता पटले ब्लाऊज शिवते, हे अर्धंच खरं. उरलेलं अर्धं तिच्या मागच्या खोलीत घडतं. तिथे खिडकीवर जुनं लुगडं ताणलेलं असतं, पाटावर चिंध्यांची बाहुली उभी असते आणि समोर विटांना टेकवून मोबाईल ठेवलेला असतो. बाहुलीचा हात तांदळाच्या दाण्याएवढा सरकवायचा, फोटो काढायचा, पुन्हा सरकवायचा. असे बारा फोटो झाले की बाहुली एक क्षण जगते. भाताची रोवणी केलेल्या बाईला हे शिकवावं लागत नाही. वाकायचं, रोप लावायचं, पुन्हा वाकायचं. शेवटी मागे वळून पाहावं तर बांधी हिरवीगार. कंबर मात्र दोन्हीकडे सारखीच दुखते.

लॉकडाऊनमध्ये शिवणकाम थांबलं, तेव्हा ती हे आपलं आपण शिकली. पहिल्या व्हिडिओत एक वांगं बाजाराला निघालं होतं. अकरा दिवसांत ते तीन पावलं चाललं.

"एवढ्या दिवसांत मी देवरीले पायदळ जाऊन वापस आलो असतो," तिचा नवरा उदेलाल म्हणाला.

मग लोलीबाई आली. दीड हात उंच, बटणांचे डोळे, लालभडक ओठ, वांग्यासारखं नाक. ती गॅसच्या सिलिंडरशी भांडते, मच्छरांना शिव्या घालते. तिचा आवाज धनवंताच काढते, नाक दाबून. आज तीस हजार माणसं लोलीचं भांडण मोबाईलवर पाहतात. आमच्या टोल्याची लोकसंख्या चारशे आहे, म्हणून हा आकडा मी मुद्दाम लिहितो.

यंदा धनवंताने जाहीर केलं की गणपती बसायच्या आत लोलीचं लगन लागणार. नवरदेव म्हणून तिच्याच मांडवावरची लौकी, म्हणजे दुधी भोपळा, घेतली, मक्याच्या केसांची मिशी लावली. सातशे फोटो झाले. लोलीने माळ घालायला दोन्ही हात उचलले आणि तिच्या कोपरातली तार निखळली. धनवंताने गोंद लावला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लोलीला तशीच, हात वर करून, वाळायला ओटीवर उभी केली.

ती सकाळ पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची होती. त्या दिवशी आमच्याकडे काड्या-चिंध्यांची नारबोद करून गावभर मिरवतात, घरोघरची रोगराई तिच्यावर लादतात आणि तिला हद्दीच्या नाल्यापलीकडे टाकून येतात. टाकलेली नारबोद परत आणायची नाही, हा नियम. मिरवणुकीच्या पुढे दरवर्षी सुशिलाबाई असते. तिने ओटीवरची लोली पाहिली.

"यंदा धनवंतानं बेस बनवली वो नारबोद!" म्हणत तिने लोलीला उचललं.

"खोकला घेऊन जा गे नारबोद!"

"मच्छर घेऊन जा गे नारबोद!"

पानठेलेवाला गुड्डू ओरडला, "अन् हे नेटवर्कचं येणंजाणं बी घेऊन जा!"

धनवंता आत नवरदेवाची मिशी विंचरत होती. गलका ऐकून तिनेही आतूनच हाक दिली, "माही कंबरदुखी घेऊन जा गे नारबोद!"

बाहेर येऊन पाहते, तर ओटीवर फक्त गोंदाचा ठिपका.

ती धावत नाल्यावर गेली. पलीकडच्या चिखलात लोली उभी होती, माळ उचलून. अलीकडे सुशिलाबाई वाट अडवून उभी होती.

"काकी, ते नारबोद नोहोय, माही लोली होय!"

"होती. आता तिच्यात आख्ख्या टोल्याचा खोकला हाये."

"लगन हाये वो तिचं!"

"मंग खोकत करंल."

"दुसरी बनव ना, भाभी," गुड्डू म्हणाला.

"माळ उचलणारी एक अन् घालणारी दुसरी? तीस हजार लोक आंधळे आहेत का?"

"अन् तुही कंबर?" काकीने बोट रोखलं. "तूच आतून ओरडली. वापस आणशीन त पयले तुलेच धरंल."

धनवंताने कंबर चाचपली. खरंच दुखत नव्हती. ती आल्या पावली मागे वळली.

घरी आली तर उदेलाल लौकीकडे टक लावून बसलेला. "नवरदेव म्हातारा होऊन राहिला," तो म्हणाला. लौकीच्या गालाला सुरकुती पडली होती. आणखी दोन दिवसांत तो आजोबा दिसला असता.

"नवरी येत नसंल," धनवंता म्हणाली, "त वरात जाईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी उदेलालने नवरदेवाला सुपात घालून डोक्यावर घेतलं. मागे विटा, पाट, छत्री आणि खिडकीवरचं तेच लुगडं. नाल्यापलीकडे दोन बांबूंवर लुगडं ताणून गुड्डू खांबासारखा उभा राहिला. अलीकडच्या काठावर सगळा टोला जमला, सुशिलाबाई सर्वांत पुढे.

चार तासांत माळ वीतभर सरकली. काठावर कोणी कुजबुजलं की काकी त्याला डोळे दाखवायची. शेवटचा फोटो निघाला, माळ लौकीच्या गळ्यात पडली आणि काठावरून अक्षतांचा पाऊस झाला. काकीने पदराने डोळे पुसले.

धनवंता विटा गोळा करू लागली.

"अन् नवरी?" काकीने विचारलं.

"राहील इथंच चिखलात. नियम हाये ना, काकी."

काकीने नवरदेवाकडे हात केला. "पोरगा कोणाच्या वेलीचा?"

"माह्या."

"मंग सून होय ते तुही! नव्या सुनेले नाल्यात ठेवतेस? लाज नाही वाटत? नारबोद गेली ते गेली. हे नवरी होय. आण इकडं!"

काकीने स्वतः तांदूळ ओवाळून टाकले आणि लोली हद्दीच्या आत आली. सकाळी माय असलेली धनवंता दुपारी सासू झाली. गणपतीच्या आदल्या दिवशी लगन तीस हजार घरी पोहोचलं. नवरदेव आता बियांसाठी आढ्याला टांगला आहे.

लगनाच्या तिसऱ्या दिवशी धनवंताच्या ओटीवर सुशिलाबाईला जोराचा खोकला आला. बसलेले सगळे लोलीकडे पाहू लागले.

"तिच्याकडं काय पाहता?" काकी खोकत ओरडली. "उदेलाल आत मिरच्या भाजून राहिला!"

धनवंता कंबर धरून हसत होती. हसण्यासाठीच धरली होती, असं ती म्हणते.