भावाच्या स्लॅबमधली काच

इच्छापूर रोडला माझा सिमेंटच्या विटांचा छोटा कारखाना आहे. भंगारातल्या बाटल्या धुऊन, सुकवून मी त्या मैद्यासारख्या बारीक दळतो आणि पाच पाट्या सिमेंटमधली एक कमी करून तिथे ती पूड घालतो. विटा चांगल्या निघतात. लपवण्यासारखं यात काहीच नाही. तरी मोठ्या भावाने जैनाबादला घराचा स्लॅब टाकला, तेव्हा मी लपवलं. स्लॅबचा माल मीच कालवून देत होतो, त्यातही ही पूड घातली. विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता, म्हणून विचारलंच नाही. आगाऊपणा, दुसरं काय.

स्लॅबवर केळीची पानं पसरून रोज पाणी मारत होतो. काच घातलेला माल शेवटी पक्का होतो, पण सुरुवातीला सावकाश धरतो, हे मला ठाऊक होतं. खालचे लाकडी टेकू महिनाभर हलवायचे नाहीत, असं मी मनाशी ठरवलं होतं. मनाशीच. भावाने तिकडे वास्तुशांतीचा मुहूर्त काढला आणि पंधराव्या दिवशी टेकू काढायचं ठरवून टाकलं.

आमच्या घरात पहिला टेकू घरधन्यानेच पाडायचा असतो. मी पोहोचलो तेव्हा भाऊ हातोडा घेऊन स्लॅबखाली उभा होता आणि वहिनी हळदीकुंकवाचं ताट घेऊन त्याच्याजवळ.

“दादा, थांब. अजून पंधरा दिवस राहू दे.”

“काहून? मिस्त्री तर म्हणतो, बहुत झाले.”

“मिस्त्रीला माहीत नाही.”

“काय माहीत नाही?”

त्याने हातोडा उचललाच होता. मी त्याचं मनगट धरलं आणि सगळं सांगून टाकलं. तो आधी वर बघत राहिला, मग माझ्याकडे. ओरडला असता तर बरं झालं असतं.

“माझी पोरं याच्या खाली झोपणार होती,” एवढंच म्हणाला.

मुहूर्त टळला. पुढचे पंधरा दिवस मला धड जेवण गेलं नाही. मग एका सकाळी त्याने मला बोलावून हातोडा माझ्याच हातात दिला. “तूच पाड.” वहिनीला बाहेर पाठवलं, स्वतः मात्र माझ्या शेजारी उभा राहिला. एकेक टेकू निघाला. स्लॅबला केसाएवढीही चीर गेली नाही.

आता त्या घरात पोरं झोपतात. भाऊ कारखान्यावर येतो, मी चहा करतो. कप तोंडाला लावण्याआधी तो दर वेळी विचारतो, “यात काय टाकलं रे?” सगळे हसतात. मला अजून हसता येत नाही.