गड्ढा खाली चाहिए

अख्ख्या जगाचा राग एकट्याच्या नाकावर वागवणारा माणूस मी एकच पाहिला : आमचे थोरले साडू. मूळचे अमरावतीचे, नोकरीने लखनऊचे. नव्वदीच्या सुरुवातीला माझी बदली तिथे झाली आणि मी आलमबागच्या त्यांच्या सरकारी क्वार्टरात मुक्काम ठोकला. जेवणाच्या टेबलावर प्लास्टिकखाली जगाचा नकाशा होता. ताटाखालच्या देशावर व्याख्यान ऐकल्याशिवाय पोळी मिळत नसे. "तुझ्या भाताखाली तेलच तेल आहे बघ, आणि लोक उपाशी! नुसतं तेल विकायचं, पैसा चौघांच्या घशात. वरणाच्या वाटीखाली मात्र नुसता दगड. पण कारखाने काढले, शाळा चालवल्या, खाणाऱ्यांना घरी बसवलं. काऊन जमलं त्यांना?"

"काऊन ते मागून. आधी वरण घ्या," त्यांची बायको, म्हणजे आमच्या ताई, म्हणत.

उत्तर खिडकीबाहेर होतं. दर जुलैत सरकारी माणसं रस्त्याकडेच्या त्याच खड्ड्यांत रोपं लावत, फोटो काढत आणि जात. मेपर्यंत सगळी वाळत. साडू कडाडत, "खणणारं खातं वेगळं, लावणारं वेगळं, पाणी घालणारं खातंच नाही! देश असेच भिकेला लागतात." म्हणून दारापुढचा एक कडुनिंब त्यांनी दत्तक घेतला. उन्हाळ्यात घरादाराने टबात उभं राहून आंघोळ करायची, पाणी झाडाला. साबण बंद. माझ्या अंगाला वास येई, पण कडुनिंब साडूंच्या खांद्याला लागला.

पुन्हा जुलै आला. मोठे साहेब रोप लावायला येणार होते. सकाळीच माळी कुदळ घेऊन हजर.

"बाबूजी, गड्ढा खाली चाहिए."

"तो दूसरा खोद लो भैया!"

"दूसरे का आदेश नहीं है."

साडू माझ्याकडे वळले. "बोल ना यार, तुझंच तर खातं आहे." रोपं लावणारं खातं माझंच होतं, कार्यक्रमाची व्यवस्थाही माझ्याकडेच होती. मी बुटांकडे पाहत राहिलो. जिवंत कडुनिंब उपटला गेला आणि दुपारी साहेबांनी त्याच खड्ड्यात वीतभर कडुनिंब लावला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही. आठवलं की आजही त्या आदेशाची चीड येते, आणि त्याहून जास्त त्या टाळ्यांची.

रात्री माझं ताट नेमकं भारतावर आलं. मी मान खाली घालून व्याख्यानाची वाट पाहिली. साडू जेवून उठले, बादली भरली आणि दाराकडे निघाले.

"अहो, ते रोप तर त्यांचं," ताई म्हणाल्या.

"रोपाचा काय दोष?"

दुसऱ्या दिवशी सकाळी, कुणी न सांगता, मी टबात उभा राहिलो. साबण कोनाड्यातच ठेवला.