माझा खोटा गुरुवार

देवाच्या नावावर मी खोटं बोललो आणि त्या खोट्यातूनच माझं शिक्षण झालं. ही कृपा होती की कुणाची तरी चूक, याचा उलगडा मला अजून झालेला नाही. असे अनुभव लिहिणारे बहुधा ठामपणे लिहितात. मला ते जमणार नाही. घडलं तसं सांगतो.

आमचं गाव पारशिवनीजवळ. घरी थोडी शेती होती. आईवडिलांना अक्षरओळख नव्हती. साठीच्या दशकातली गोष्ट. सातवी झाल्यावर गावच्या गुरुजींनी मला नागपूरला आणलं आणि तिथल्या महाल भागातल्या एका शाळेत आठवीत बसवलं. दत्ताच्या एका लहानशा मंदिरामागची खोली राहायला मिळाली, बदल्यात रोज मंदिर झाडायचं. जेवणासाठी गुरुजींनी वार लावून दिले. त्या काळी गरीब विद्यार्थी आठवड्याच्या प्रत्येक वारी एकेका ठरलेल्या घरी जेवत. गुरुजी दोन दिवस उन्हात सायकलवर फिरले, तेव्हा सहा घरं मिळाली. गुरुवार तेवढा राहिला. "पाहू गा, तेही घर भेटेल," असं म्हणून ते गावी परतले आणि पुढे त्यांची दूर बदली झाली. स्वतः जाऊन कुणाच्या दारात उभं राहण्याची माझी छाती नव्हती. गुरुवारी मी नळाचं पाणी पिऊन शाळेत जाई. संध्याकाळी मंदिरात कुणी केळं ठेवलं, तर ते माझं जेवण.

शुक्रवारच्या घरच्या काकूंनी पहिल्याच महिन्यात मला पकडलं. "काल काहून नाही जेवला गा तू? घास तोंडात मावून नाही राहिला तुह्या." काल घरच नव्हतं असं सांगितलं, तर पोरगा आणखी एक वार मागतो आहे असं त्यांना वाटेल, या भीतीने मी बोलून गेलो, "काल गुरुवार होता काकू. दत्ताचा उपवास राहते माहा." काकूंचा हात वाढता वाढता थांबला, आणि मग त्यांनी दोन पोळ्या जास्त वाढल्या. त्यांनी शेजारणीला सांगितलं, शेजारणीने आणखी कुणाला. थोड्याच दिवसांत सहाही घरांत मी भाविक पोरगा झालो. शनिवारच्या घरची म्हातारी आजी नातवाला माझ्यासमोर उभं करून म्हणायची, "पाय, याले म्हणते संस्कार. नाहीतर तू, एकादशीले भजे मागते." मी मान खाली घालून वरणभात कालवत राही. सकाळी मंदिर झाडताना मूर्तीकडे वर पाहणं मी सोडून दिलं होतं.

नववीच्या शेवटी मुख्याध्यापकांनी बोलावलं. शाळेने मला दोन वर्षं फी माफ केली होती, पुढे ते शक्य नव्हतं. फी भरणारं कुणी मिळालं नाही, तर नाव कमी करावं लागेल, असं ते म्हणाले. म्हणजे गावी परत जायचं आणि बैलांमागे चालायचं. त्या संध्याकाळी मी मंदिरात बसलो, पण काही मागता आलं नाही. ज्याच्या नावावर खोटं बोललो, त्याच्याकडे कोणत्या तोंडाने मागू?

आठवड्याने मुख्याध्यापकांनी पुन्हा बोलावलं, या वेळी हसत. नागपूरबाहेर वाडी गावात ट्रकांचा व्यवसाय असलेले एक गृहस्थ एका मुलाचा मॅट्रिकपर्यंतचा सारा खर्च उचलायला तयार होते. लोक त्यांना दादाजी म्हणत. कट्टर दत्तभक्त, त्यांच्या घरी गुरुवारी चूल पेटत नसे. त्यांना देवाधर्माचा मुलगा हवा होता. "मी तुझं नाव दिलं. तुझा गुरुवार सगळ्यांना माहीत आहे." खरं सांगितलं तर शाळा जाते. न सांगावं, तर पुस्तकाचं प्रत्येक पान उलटताना ते खोटं समोर येणार. बरं, देवानेच हे जुळवून आणलं असेल, तर ते मोडणारा मी कोण? तीन दिवस डोकं नुसतं भणभणत होतं.

भेटायला गुरुवारीच बोलावलं होतं. अमरावती रोडने मी पायी निघालो. वाटेत दोनदा परत फिरलो आणि दोनदा पुन्हा वाडीकडे वळलो. आज विचाराल, तर का वळलो हे मला सांगता येणार नाही.

गोदामाला लागूनच त्यांचं घर होतं. दादाजी ओसरीवर बसले होते. मी नमस्कार केला आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं, "मी उपवास नाही करत दादाजी. गुरुवारी मले जेवाले घर नाही, म्हणून तसा बोललो होतो."

ते उठून उभे राहिले. "दत्ताचं नाव घेऊन खोटं बोलला? इतक्या लोकाईले फसवलं?"

आतून त्यांच्या पत्नी बाहेर आल्या. "आधी त्याले जेवू द्या, मंग रागवा. भाकरीपायी बोलला, डाका नाही टाकला त्यानं."

"आज घरात जेवण कुठचं वं? आज गुरुवार हाये ना."

त्या जरा घुटमळल्या. "पेटवली मी चूल. सकाळपासून वाटून राहिलं होतं का कोणी उपाशी येते म्हणून. तुम्ही ओरडसान, म्हणून नाही सांगितलं."

"कोणी सांगितलं होतं तुले?"

"कोणी नाही."

दादाजी खाली बसले. माझ्यापुढे ज्वारीची भाकरी आणि वांग्याची भाजी आली. माझं ताट रिकामं झालं, तेव्हा ते म्हणाले, "फी मी देतो. पण दर गुरुवारी इथं याचं आन् माह्यासमोर बसून जेवाचं." मॅट्रिक होईपर्यंत मी दर गुरुवारी वाडीला जात राहिलो. ते उपाशी, मी जेवणारा. एकदा लाजून म्हटलं, मीही तुमच्यासोबत उपवास धरतो. ते म्हणाले, "तुहे सारे होऊन गेले पोरा. आता माहे बाकी हायेत."

पुढे मी पदवीधर झालो. आमच्या घरातला पहिला. दादाजींच्या घरच्या त्या माउलीला त्या दिवशी सकाळपासून तसं का वाटलं, हे मी नंतर खूपदा विचारलं. त्या दर वेळी एवढंच म्हणत, "वाटलं बा." मी खरं बोललो म्हणून मला मिळालं, असं मनाला समजवावं, तर चूल त्याआधीच पेटली होती. माझ्या भक्तीमुळे म्हणावं, तर भक्ती नव्हतीच. मी काहीही कमावलेलं नव्हतं, आणि ताट वाढून तयार होतं. हिशेब लागत नाही, तिथे आता मी हात जोडतो.

गेल्या वर्षी मीही एका मुलीचा खर्च उचलायचं ठरवलं. तिच्या शाळेतल्या बाई म्हणाल्या, "हुशार आहे, पण फार खोटं बोलते. दुसरी पाहू का?"

मी म्हटलं, "तीच राहू द्या. ती रोज डबा आणते का, तेवढं बघून कळवा."